उजव्या बाजूचं दूध

चिचटोला, सावलीजवळ
४ सप्टेंबर १९५४

कमळाबाईंना गुणवंतचा नमस्कार.

कुंताच्या तेराव्यानंतर तुमचं पत्र आलं होतं. त्याला उत्तर दिलं नाही, राग मानू नका. लिहायला बसलो की हात चालत नव्हता. आज लिहिणं भाग आहे. बाळ चार दिवसांपासून दूध पीत नाही.

कुंता गेली त्या दिवसापासून बाळाला गोकुळाचं दूध आहे, हे तुम्हाला कळवलंच होतं. गोकुळा म्हणजे आमच्या मालकीच्या बोडीत, तळ्यात, मासे धरतो त्या इस्तारी ढिवराची बायको. सकाळी येते, दिवे लागायच्या आत घरी जाते. दिवसातून तीनदा गोठ्याजवळ बसून काशाच्या वाटीत दूध काढून देते. आई त्यात तुळशीचं पान टाकून बोंडल्याने पाजते. दीड महिना सगळं सुरळीत होतं, पोराने बाळसं धरलं होतं. पोळ्यानंतरच्या तिसऱ्या दिवसापासून बोंडलं तोंडाशी नेलं की तोंड फिरवतो, थुंकतो, रडून रडून निळा पडतो.

आईने दूध जिभेला लावून पाहिलं. खारट लागलं. मीही पाहिलं. खरंच खारट आहे. आईचं म्हणणं असं की ही ढिवराची जात, घरी जाऊन सुकसी खाते, आणि वाळल्या माशाचं मीठ दुधात उतरतं. म्हणून तिला तीन दिवस अळणी भातावर ठेवलं आहे, आणि तिने शपथही घेतली की सुकसीला हात लावला नाही. तरी दूध खारटच. आई म्हणते, चोरून खात असेल.

तुम्ही दवाखान्यात नर्स आहात. दूध गोड होण्याचं काही औषध असलं तर पाठवा. नाहीतर मूल गावात किंवा सावलीकडे आपल्यातली कोणी लेकुरवाळी तुमच्या माहितीत असली तर कळवा.

तुमचा,
गुणवंत

०

चांदा
८ सप्टेंबर १९५४

गुणवंतराव,

जावयाला रागावू नये अशी आपल्याकडे रीत आहे. ती मी आज मोडते. माझी बहीण गेली तेव्हा मी गप्प बसले, आता तिच्या लेकरासाठी गप्प बसणार नाही.

बाईने खाल्लेलं मीठ असं दुधात उतरत नाही! तसं असतं तर समुद्रावरच्या कोळणींची सगळी पोरं उपाशी मेली असती. तुम्ही शेतकरी आहात ना? गाईच्या कासेला दगडी होते तेव्हा कास तापते, टणक होते, दूध नासकं आणि खारट येतं, हे तुम्हाला ठाऊक नाही? तेव्हा गाईला शपथ घ्यायला लावता का, की तू काय चरलीस म्हणून? कास शेकता, धार काढून मोकळी करता. तुमच्या गोठ्यात जेवढं शहाणपण आहे तेवढं दोन पावलं पुढे माजघरात येत नाही, याचा मला संताप येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

बाईमाणसाचंही तसंच. अंगावरचं दूध पुरतं निघालं नाही, तुंबून राहिलं, की गाठ धरते, सूज येते. मग रक्तातलं मीठ दुधात पाझरतं आणि दुधाचा गोडवा कमी होतो. मोठ्या माणसाला जरासं खारट लागतं, पण आयुष्यात दुसरी चवच न घेतलेल्या लेकराला ते फार लागतं. तिने काही केलेलं नाही. तिला काहीतरी झालंय.

मला ताबडतोब कळवा: एक बाजू लाल आहे का? हात लावला तर चटका बसतो का? थंडी वाजून ताप येतो का? हे आईंनी सुकसीची चौकशी करण्याऐवजी आधी पाहायला हवं होतं.

तोवर एवढं करा. तिचं अळणी आजच्या आज बंद करा आणि तिला पोटभर जेवायला घाला. दुखऱ्या बाजूला ऊन पाण्याच्या फडक्याने शेक द्या, त्या बाजूचं दूध दर वेळी पूर्ण काढून टाकून द्या. चांगल्या बाजूचं दूध तेवढं बाळाला द्या. ते गोडच असेल, चाखून पाहा. आणि तिला इकडे घेऊन या. इथे पेनिसिलिनची सुई आहे. मूलपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे.

दुसरी बाई शोधत बसू नका. आहे तिला नीट ठेवा.

कमळा

०

चिचटोला
१५ सप्टेंबर १९५४

कमळाबाईंना नमस्कार.

तुमचे शब्द कडक होते, पण उपाय लागू पडला, म्हणून राग धरत नाही. मी पत्र ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. आई आधी मानायला तयार नव्हती. मग तिने दोन्ही बाजूंचं दूध वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन चाखलं. उजव्या बाजूचं गोड, डाव्या बाजूचं खारट. तुम्ही म्हणालात तसंच! आईसुद्धा म्हणाली, "कमळा शिकली ते फुकट नाई गेली."

डावी बाजू लाल आहे, गरमही आहे. ताप संध्याकाळी येतो. शेक चालू आहे. अळणी बंद केलं.

आता बाळाला फक्त उजव्या बाजूचं दूध देतो. पहिल्याच दिवशी बोंडलं रिकामं केलं त्याने. रात्री झोपतोही. आई उजव्या बाजूची फार निगा ठेवते, त्यात काही मिसळू नये, ते वाया जाऊ नये म्हणून स्वतः लक्ष देते. तुम्ही डाव्या बाजूचं टाकून द्यायला लिहिलं होतं, तेही अगदीच टाकावं लागत नाही. सगळी नीट सोय लागली आहे.

चांद्याला आणायचं म्हणता, ते सध्या जमण्यासारखं नाही. धानाचं निंदण सुरू आहे, गाडी-बैल मोकळे नाहीत. आणि बाळ पितो आहे, मग घाई कशाला?

कुंता असती तर तिने तुमचे आभार मानले असते. तिच्या वतीने मी मानतो.

तुमचा,
गुणवंत

०

चिचटोला
२४ सप्टेंबर १९५४

कमळाबाईले इस्तारीचा रामराम.

मले लिहिता येत नाई. मी सांगून राह्यलो, घनश्याम मास्तर लिहून राह्यले. मी बोललो तसंच लिहा, गोड करून लिहू नका, असं मी त्याइले सांगतलं हाय.

मी गोकुळाचा नवरा. तुमी मले वळखत नाई. तुमची चिठ्ठी गुणवंत पाटलानं ओसरीवर वाचली तवा मी खाली आंगनात उभा होतो. तुमी लिहिलं का चांगल्या बाजूचं दूध बाळाले द्या. बराबर लिहिलं. पन बाई, आमच्या घरी बी एक लेकरू हाय. पोट्टी हाय, सुकरी नाव तिचं, चार मयन्याची. तिच्यासाठी काय लिहिलं ते पाटलानं वाचलं नाई. मंग मी मास्तराले पाटलाकडून चिठ्ठी मांगून आनाले लावलं आनि दोनदा वाचाले लावली. तुमी लिहिलंच नाई.

आता आयका काय चालू हाय ते. उजवी बाजू पाटलाच्या पोराची. डावी सुकरीची. फेकाचं ते आमच्या पोट्टीले. सुकरी भुकेनं उजवीकडे जाते म्हनून बुढी, म्हंजे पाटलाची आई सुगंधाबाई, कडू लिंबाचा पाला वाटून उजव्या बाजूले लेप लावते. दूध काढाची वेळ झाली का सोता धुवून घेते. सांजेले गोकुळा घरी येते तवा लेप लावूनच पाठवते. आमच्या पोट्टीनं तोंड लावलं का कडू, वोकते. डावीकडे लावलं का खारट, थुंकते. इकडे कडू, तिकडे खारट. चार मयन्याच्या लेकरानं कुठी जावं, बाई?

तुमी म्हनान, घरी येऊन लेप धुवून काऊन नाई टाकला? टाकला. दोन दिस टाकला. बुढीनं सकाळी वाटीत दूध कमी पायलं आनि वळखलं. पाटील म्हने, तुले बोडीत जाळं टाकाचं हाय का नाई? आमचं पोट त्या बोडीवर हाय. मी चूप बसलो. ते माही चूक. मी मान्य करतो.

पन आता सुकरीची मान टिकत नाई. रडाचा आवाज बी निंगत नाई. गोकुळाची डावी बाजू गोट्यावानी झाली, तापात बडबडते. आजपासून गोकुळा पाटलाच्या गोठ्यात जानार नाई. बोडी गेली तरी चालते.

तुमच्या बहिनीचं लेकरू उपाशी रायलं तं मले बी वाईट वाटंल. पन मी आमच्या पोट्टीचा बाप हावो.

इस्तारी

०

चांदा
२६ सप्टेंबर १९५४

गुणवंतराव,

इस्तारीचं पत्र आत्ता वाचलं. रागात लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचा, त्याने माझं वाचून घेतलं तसं.

"अगदीच टाकावं लागत नाही" असं लिहिलं होतंत तुम्ही. "नीट सोय लागली" असं लिहिलं होतंत. त्या दोन वाक्यांच्या खाली एक चार महिन्यांची पोर मरत होती आणि तुम्ही त्यावर माझे आभार मानत होता, तेही माझ्या मेलेल्या बहिणीच्या वतीने! कुंताचं नाव यात आणायला तुमची जीभ कशी रेटली? ती तुमच्या घरी होती तेव्हा शेजारणीचं पोर रडलं तरी घास टाकून उठायची.

कडू लिंबाचा लेप! एका आईच्या अंगाला कुलूप लावलंत तुम्ही लोकांनी. दूध तिचं, अंग तिचं, लेकरू तिचं, आणि किल्ली सुगंधाबाईंच्या हातात.

आता माझं सांगते, म्हणजे सगळा राग तुमच्यावरच काढला असं वाटायला नको. मी सहा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. बाईला दूध येतं ते तिला मूल झालेलं असतं म्हणून, हे मला कोणी शिकवायला हवं का? तरी पानभर पत्र लिहिलं आणि एकदाही विचारलं नाही की तिचं मूल कुठे आहे, किती महिन्यांचं आहे, ते काय पितं. "चांगल्या बाजूचं बाळाला द्या." कुठलं बाळ? माझ्या डोळ्यांपुढे एकच बाळ होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ना, ती बायजी मी. लेप तुमच्या आईने वाटला, पण पाला मी तोडून दिला.

आणखी एक. आमच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मूल अंगावर घेत होती की नुसतं काढून देत होती?" काढून देत होती म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग सूज येणारच. लेकरू ओढतं तसं दूध बोटांनी निघत नाही. थोडं थोडं आत राहतं, तुंबतं, पिकतं. म्हणजे हे दुखणं सुकसीने आलं नाही, तुमच्या काशाच्या वाटीने आलं. ढिवरीणीच्या मांडीवर कुणब्याचं पोर दिसू नये म्हणून जी वाटी मध्ये ठेवलीत, तिने. तुमच्या पहिल्या पत्रात ती वाटी होती. मी वाचून पुढे गेले. आपल्या घरात असंच चालतं म्हणून मला ते खटकलंच नाही.

गोकुळाला आणि सुकरीला आजच गाडीत घालून मूलच्या स्टेशनावर पोचवा. निंदण राहू द्या.

कमळा

०

चिचटोला
३० सप्टेंबर १९५४

कमळाबाईंना नमस्कार.

पत्र पोचलं. शहरात राहून पगार घेणाऱ्याला गावात राहणाऱ्याने कसं वागावं हे लिहायला सोपं जातं. आई दोन दिवस जेवली नाही. तिने जे केलं ते नातवासाठी केलं. तुम्ही तिला कसाई ठरवलंत.

इस्तारीला मी काही मारून पाठवलं नाही. तो स्वतःच बायकोला घेऊन साळ्याच्या गाडीने मूलला गेला, मला न विचारता. उद्या प्रत्येकाने असं करायचं ठरवलं तर गावात राहायचं कसं? म्हणून बोडी त्याला बंद केली आहे.

वाटीला दोष देता, म्हणजे पोराला तिच्या अंगावर पाजा असंच म्हणता. समाजात मला तोंड दाखवायचं आहे. मला अजून एक बहीण उजवायची आहे. बाळाला बकरीचं दूध चालू केलं आहे. ठीक आहे. काळजी नसावी.

गुणवंत

०

चांदा
९ ऑक्टोबर १९५४

गुणवंतराव,

गोकुळा काल इथून गेली. आठ दिवस होती. तिला रोज सुई दिली, शेक दिला. पू झाला नव्हता, चीर द्यावी लागली नाही, नशीब. सुकरीला पहिल्या दिवशी चमच्याने दूध घातलं तेव्हा तिला गिळायचं त्राण नव्हतं. तिसऱ्या दिवशी ओढायला लागली. जाताना आवाज काढून रडली, तेव्हा सबंध वॉर्ड हसला.

आठ दिवसांत गोकुळा माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलली. मी माफी मागितली तर म्हणाली, "राहू द्या." काय राहू द्या ते सांगितलं नाही.

मी तिच्याकडे कुंताच्या पोरासाठी पदर पसरला. होय, पसरला. ते तुमचं काम होतं. तिने सुकरीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "वाटीत देनार नाई. पोराले माह्या घरी आना." बस.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणंही तेच आहे. डावी बाजू बरी होत आली असली तरी अजून कडक आहे. दूध किंचित खारट येतं, पण ते विष नाही, लेकरू पिईल तर त्याला अपाय नाही आणि तिला उलट आराम आहे. पोटभर ओढणारं तोंड हेच तिचं औषध. सुकरीत अजून तेवढी ताकद नाही.

"ठीक आहे, काळजी नसावी." तुमच्या "ठीक"चा अर्थ मी आता शिकले. बाळाला हगवण लागली आहे ना? डोळे खोल गेलेत ना? इस्तारीच्या साळ्याने सांगितलं. समाजाला दाखवायचं तोंड तुम्ही खुशाल सांभाळा. पण ते सांभाळताना कुंताचं पोर गेलं, तर मी चिचटोल्याला येईन आणि तुमच्या ओसरीवर उभी राहून ही सगळी पत्रं मोठ्याने वाचीन. माझी स्वतःचीसुद्धा.

ढिवरमोहल्ला तुमच्या दारापासून किती लांब आहे?

कमळा

०

चिचटोला
१८ ऑक्टोबर १९५४

कमळाबाईले इस्तारीचा रामराम.

मास्तर लिहून राह्यले. तुमाले बातमी पायजे असंल म्हनून.

पाटील आले नाई. बुढी आली. परवा भर दुपारी, सगळे लोक पायत असताना, पोराले पदरात घेऊन पायी आली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तिले भान नव्हतं. पोरगं पायलं तं मले भेव वाटलं. सुकरी तशी झाली होती, तसंच. बकरीचं दूध त्याले धकलं नाई. बुढी दारात उभी रायली, आत येऊ का नको असं करत. मंग म्हने, "गोकुळे, हे घे वो."

गोकुळा सुकरीले पाजत होती. उजवीकडे. ती म्हने, "बसा, बाई. हिचं होऊ द्या." बुढी आमच्या वट्यावर बसली. पोरगं कण्हून राह्यलं होतं आनि बुढी त्याले थोपटून राह्यली होती. मले वाटलं गोकुळा घाई करंल. तिनं केली नाई. सुकरीचं पोट भरलं, झोपली, तिले खाली टाकलं, तवा हात लांब केले.

पोराले तिनं डावीकडे घेतलं. बुढी म्हने, "ते दुखरं व्हय ना?" गोकुळा म्हने, "हाव. उजवं सुकरीचं हाय."

पोरानं एक ओढ घेतली, तोंड वाकडं केलं, रडलं. बुढी बी रडाले लागली. गोकुळानं त्याले पुन्हा लावलं. पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदा धरलं तं सोडलंच नाई. उपाशी लेकरू, बाई. खारट काय आनि गोड काय. गोकुळाच्या डोळ्यातून पानी चाललं होतं, दुखत होतं म्हनून. पन तिनं त्याले काढलं नाई. सांजेपोत्तर गाठ नरम पडली, दाक्तरनबाईनं सांगतलं होतं तसं.

आता बुढी रोज चारदा आनते. लोक बोलतेत. बुढी त्याइले आयकवते, तिचं तोंड तुमाले ठावं हाय. पाटील रस्त्यात मान खाली घालून जाते. बोडी अजून बंद हाय. बंद राहू द्या. वैनगंगा पाटलाची नोहे, थोडं लांब जा लागते एवढंच.

माह्यं सांगून झालं. आता गोकुळा मास्तराजवळ बसली हाय. तिले सोता सांगाचं हाय.

बाई, मी गोकुळा. तुमी माह्यासाठी लय केलं, मी नाई म्हनत नाई. पन आंग माह्यं दुखत होतं, दूध माह्यं होतं, आनि तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या पाटलाच्या नावानं आल्या. मले वाचता येत नाई म्हनून? मास्तर तं गावातच हायत. आता लिहान तवा माह्या नावानं लिहा.